चूलबंद आवतन

सिनेमावाले आमच्या गावात आले तेव्हा गावात पंगत बसून चौदा वर्सं झाली होती. खोटं वाटत आसंल तर कुनालाबी इचारा. आता लगनं मुखेडच्या मंगल कार्यालयात होत्यात. हातात ताट धरून लाईनीत हुबं ऱ्हायचं, अन् घास तोंडात जायच्या आधीच मागचा कोपर मारतंय. ह्याला जेवन म्हनत्यात! जनावरं बरी, ती निदान दावनीला निवांत खात्यात.

मी दगडोबा. मुखेड-जळकोट रोडला आमचं दीडशे घराचं गाव. पंगती होत्या तवा गावाला आवतन द्यायचं काम माझ्याकडं असायचं. आवाज मोठा, अन् कुनाच्या घरात किती मानसं हे तोंडपाठ. लगीन कुनाचंबी आसो, घरधनी माझ्याकडं यायचा अन् म्हनायचा, "दगडोबा, उद्या चूलबंद सांग बाबा." चूलबंद म्हंजे घरातल्या एकट्यादुकट्याला न्हाई, समद्या घराला आवतन. म्हातारी, लेकरं, आलेला पाव्हना, समदे जेवायला. त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच न्हाई. अन् गावाला चूलबंद दिलं तर एकबी घर सोडायचं न्हाई. भांडन आसो, बांधाचा वाद आसो, कोर्टात केस आसो. एक घर सोडलं तरी ते चूलबंद ऱ्हात न्हाई.

सिनेमाचा डायरेक्टर म्हंजे हरिओम नावाचं पोरगं. तिशीतलं, लातूरचं. आजा रेणापूरकडं शेती करायचा म्हनं. पोरगं गुनी, उगं मोठेपना न्हाई. माझ्या ओसरीवर मांडी घालून बसला अन् म्हनला, "काका, मला गावाची माया दाखवायची आहे. हल्ली कुणी दाखवत नाही."

मी म्हनलं, "पैलं माया ऱ्हायलीय का ते बघ, मग दाखव."

तो हसला. मग त्यानं मला जुन्या सिनेमाचं इचारलं, अन् मी जे सुरू झालो ते थांबतोय कशाला! आमच्या लहानपनी जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. मी अन् माझा धाकटा भाऊ भीमा, दोघं ऊन कलायच्या आधीच जाऊन पुढची जागा धरायचो, बुडाखाली पोतं टाकून. बहुतेक सिनेमे गावाकडचेच. त्यात एक हीर, एक पार, एक खाष्ट सासू अन् दोन भाऊ. मधी भाऊ भांडायचे, घरात भित घालायचे, अन् शेवटाला भर पंगतीत एकमेकाच्या गळ्यात पडायचे. पंगत पडद्यावर आली की तंबूतून कुनीतरी वरडायचं, "आरं, हिकडंबी वाढा की!" अन् समदा तंबू हसायचा. भीम्या मात्र रडायचा. भावाभावाची भेट झाली की ह्याचं नाक सूं सूं. मी चिमटा काढायचो, "आरं येड्या, ते खोटं हाय." तर म्हनायचा, "आसू दे की. बघायला बरं वाटतंय."

खरं सांगू का? पडद्यावरचं गाव आमच्या गावापेक्षा जरा बरंच असायचं. तिथली मानसं भांडनं लौकर मिटवायची. पन ते बघून आल्यावर आमचं गावबी चार दिवस गोडीनं वागायचं. सासवा सुनांना शिव्या कमी द्यायच्या. आमचा बाप, जो कधी कुनाला 'ये' म्हनला न्हाई, तो सिनेमा बघून आला की वाटंवरच्या मानसाला हाक मारून च्या पाजायचा. कुठं गेलं ते समदं, काय म्हाईत.

हे समदं मी हरिओमला सांगितलं. भीमाशी मी नऊ वर्सं बोलत न्हाई, हे तेवढं सांगितलं न्हाई.

त्याचं कारन ऐका. माझ्या लेकीचं, सृष्टीचं लगीन होतं. लातूरला दिली तिला. कार्यालय, गाड्या, आचारी, नुसती धांदल. देगलूर, उदगीर, सगळीकडच्या पाव्हन्यांच्या दारात मी सोता गेलो, अन् सख्ख्या भावाच्या घरी शेजाऱ्याच्या हातानं पत्रिका धाडली. म्हनलं, घरच्याला कशाचं आवतन? त्याचंच लगीन हाय ते. अन् गावाची आवतनं देनारा कोन, तर मी! तारामती, माझी बायको, दोनदा म्हनली, "हळद-कुंकू, अक्षदा घिऊन आपुन दोघं जाऊन येऊ." मी खेकसलो, "तो काय परका हाय का?"

लगनाला भीमा आला न्हाई. मी असा तापलो म्हनता! एवढी मस्ती? ऱ्हा मग घरी! दोन महिन्यांनी तारामतीच्या कानावर आलं, की भीमा त्या दिवशी नवं धोतर नेसून, नवा पटका बांधून दुपारपतुर दारात बसला होता. कुनीतरी बलवायला यील म्हनून.

ते ऐकलं तवाच उठून जायला पाहिजे होतं. न्हाई गेलो. मी थोरला, थोरल्यानं का वाकावं? असल्या टुकार इचारात नऊ वर्सं गेली. एकाच गल्लीत दोघं, मधी फकस्त तीन घरं. तो हिकडून आला की मी तिकडून जायचो.

तर शूटिंग सुरू झालं. चौथ्या दिवशी अक्षरा आली. हरिओमच्या हाताखालची पोरगी, हातात वही, सारखी पळून राहिलेली. म्हनली, "काका, उद्या दुपारी पारासमोर लग्नाच्या पंगतीचा सीन आहे. सगळ्या गावाला जेवायला बोलवाल का?"

"सगळ्या गावाला?"

"हो, सगळ्यांना. जितके जास्त येतील तितकं छान."

माझ्या अंगात काय शिरलं काय सांगू! चौदा वर्सांनी गावाला आवतन, अन् ते माझ्या तोंडानं. घरात गेलो. तारामती भांडी घासून राहिली होती. तिला सांगितलं तर तिचा हात थांबला.

"चूलबंद देनार?"

"मग? गावाला जेवायला बलवायचं म्हंजे आनखी काय आसतंय?"

"मग भीमा भावजीच्या दारात कोन जानार?"

मी टोपी घातली अन् भाईर पडलो.

दारोदार फिरलो. "उद्या दुपारी पारापाशी चूलबंद आवतन हाय होऽ!" पैल्या दोन घराला आवाज चिरकला, तिसऱ्यापासून जमलं. लोक दारात आले. कुनी म्हनलं, दगडोबाला येड लागलं काय. म्हातारी शरणम्मा भितीला धरून भाईर आली अन् म्हनली, "बाबा रे, तुजा आवाज ऐकला अन् मला वाटलं माजा म्हातारा आजून जिता हाय." तिचा हात हातात घेऊन मी जरा येळ हुबा ऱ्हायलो.

भीमाचं घर मी शेवटाला ठिवलं. मुद्दामच. तो वट्ट्यावर बसून दावं वळून राहिला होता. मी दारात हुबा ऱ्हायलो. एवढी घरं गळा ताणून वरडलो, अन् हितं आवाज फुटंना.

"उद्या दुपारी पारापाशी चूलबंद आवतन हाय."

भीमानं मान वर केली न्हाई. दाव्याला पीळ देत म्हनला, "कुनाचं लगीन?"

"सिनेमातलं."

"म्हंजे खोटं."

"लगीन खोटं. आवतन खरं हाय."

त्याचा हात थांबला, मग परत चालू झाला. 'यीन' म्हनला न्हाई, 'येत न्हाई' बी म्हनला न्हाई. आतून उज्वला, त्याची बायको, पदर सावरत आली. "पानी तरी घ्या भावजी," म्हनली. मी थांबलो न्हाई. थांबलो असतो तर तिथंच रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतून चक्कर मारली. एका बी घरातून धूर न्हाई. दगडोबाच्या शब्दावर आख्ख्या गावानं चुली बंद ठिवल्या होत्या. छाती अशी फुगली माझी!

पारासमोर मुखेडच्या लालमहंमदनं मंडप घातला होता. मंडप अन् भांड्याचा धंदा त्याच्या बापापासून. आमच्या गावच्या समद्या पंगती त्याच्याच मंडपाखाली झाल्या. मला बघून म्हनला, "दगडूभाई, आज लई दिवसांनी गाव गावावानी दिसून राहिलंय."

एकच्या सुमाराला गाव लोटलं. चारशेच्या वर मानूस. बायांनी ठेवनीतली लुगडी काढली होती. रांगा धरून लोक मांडी घालून बसले, पत्रावळ्या पडल्या. माझं ध्यान मात्र गल्लीच्या तोंडाकडं. भीमा येनार का न्हाई, मला दुसरं काही दिसतच न्हवतं. अन् मग तो आला. मागं उज्वला, पोरगा, सून, खांद्यावर नातू. अंगावर धोतर, डोक्याला पटका, अन् दोन्हीवर घडीच्या रेषा हुभ्या. नऊ वर्सं ट्रंकेत ठिवलेलं ते. माझ्याकडं न बघता सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसला. बसला ना? मला तेवढं बास होतं.

वाढप सुरू झालं. पुऱ्या, भाजी, बुंदी. पुढच्या दोन रांगांना वाढलं अन् वाढपी माघारी वळले. मागच्या पत्रावळ्या तशाच कोऱ्या. मी अक्षराला गाठलं. "पोरी, मागं कामून वाढून न्हाई राहिले?"

"मागे नाही वाढायचं काका. कॅमेऱ्यात तिकडच्या फक्त पत्रावळ्या दिसतात. जेवण साठ जणांचंच आहे."

"अन् हे चारशे मानूस?"

"ते गर्दीसाठी ना? सीन झाला की जातील घरी जेवायला."

घरी! कुनाच्या घरी? समद्या गावच्या चुली गार. माझ्या सोताच्या घरची गार. मी मागं बघितलं तर शेवटच्या रांगेत भीमा कोऱ्या पत्रावळीपुढं मांडी घालून बसलेला, नातू त्याला इचारून राहिला, "आबा, कवा वाढनार?" आरं देवा! एकदा त्याला आवतन न देता उपाशी बसवलं, अन् आता आवतन देऊन उपाशी बसवलं. धरती फाटावी अन् आत जावं, असं झालं मला.

मग डोस्कं फिरलं. सरळ कॅमेऱ्यापुढून चालत गेलो. सिनेमातल्या भावाचं काम करनारा नट बुंदी तोंडात धरून तसाच बघत ऱ्हायला. "बंद करा ते!" मी वरडलो. "माझं गाव उपाशी बसलंय अन् तुम्ही जेवायचं नाटक करून राहिलाव!"

हरिओम पळत आला. मी 'चूलबंद' म्हनलं मात्र, त्याचं तोंडच उतरलं. "आजोबा सांगायचे याबद्दल," तो हळूच म्हनला. अक्षराला कळायला जरा येळ लागला. कळलं तशी ती रडायलाच लागली, "मी फक्त गर्दी म्हणून सांगितलं होतं हो." पोरीचा काय दोष? तिनं जन्मात कधी चूलबंद ऐकलं न्हवतं. हरिओम म्हनला, मुखेडहून जेवन मागवतो. पन आवतन त्याचं न्हवतं. आवतन माझं होतं.

मी पारावर चढलो. "मंडळी, आवतन मी दिलं, अन् जेवन न्हाई. माझ्या शब्दावर तुम्ही चुली बंद ठिवल्या, लेकरं उपाशी बसवली. चुकलं माझं."

अन् मग शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"दादा, हे निस्तं आजचंच चुकलं, का मागचंबी त्यात हाय?"

समदी पंगत मागं वळली. गावात कुनाला काय म्हाईत न्हवतं? आता लाज राखून काय लोनचं घालायचं होतं?

"मागचंबी हाय," मी म्हनलं. "सृष्टीच्या लगनाला तुज्या दारात यायला पाहिजे होतं. न्हाई आलो. चुकलं, भीमा."

भीमा कोऱ्या पत्रावळीवर नुसता हात फिरवत ऱ्हायला. तेवढ्यात बायांच्या रांगेतून तारामती उठली. "भाषनानं पोट भरतंय का? उठा गं समद्या! तांदूळ आना, डाळ आना!" बाया घराकडं पळाल्या. लालमहंमद म्हनला, "मोठ्या देगा गाडीतच हायत माज्या. चूल मांडा, फिकीर कामून करता?" पुढच्या रांगांतलं जेवन उचलून लेकरांना दिलं, अन् पाराच्या मागं खिचडीला जाळ लागला.

खिचडी व्हायला तास तरी लागनार होता. तेवढ्यात हरिओम माझ्याकडं आला, हात जोडून. डोळे लाल. "काका, मघाशी कॅमेरा तुमच्याकडे नव्हता. मी इतकी वर्षं हेच शोधतोय. एकदा परत म्हणाल का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "हा काय तमाशा हाय का? एकदा म्हनायला नऊ वर्सं लागली मला!"

तर मागून भीमा म्हनतोय, "घिऊ दे की दादा. नऊ वर्साचं हाय, एका बारीत कसं भागंल?" तोंड सरळ, पन मिशीच्या आत काहीतरी चाललं होतं त्याचं.

आता काय बोलनार? मी त्याच्यापुढं हुबा ऱ्हायलो. "चुकलं, भीमा." उजेड बरोबर न्हाई म्हनून पैली बारी गेली. दुसऱ्या बारीला मधून कुत्रं गेलं. तिसऱ्याला भीमानं ऐन येळी कॅमेऱ्यात बघितलं. चौथ्याला शिंकला. पाचव्याला कानाला हात लावून म्हनला, "जरा मोठ्यानं, ऐकू यीना." समदी पंगत खो खो हसली, अन् तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. लबाड मुद्दाम करून राहिला होता! माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हनवून घेत होता. राग यायला पाहिजे होता, पन आला न्हाई. सहाव्या बारीला मला ना कॅमेरा दिसला ना गाव. निस्तं भीमाचं तोंड दिसलं. पुढचे दोन दात गेलेले, गालफडं बसलेली. माझा भाऊ म्हातारा झाला होता, अन् तीन घरावर ऱ्हाऊन मी ते बघितलं न्हवतं.

सातव्या बारीला मी तोंड उघडलं, पन आधी भीमाच बोलला.

"माजंबी चुकलं, दादा."

त्यानं पटका सारखा केला.

"पोरीचं लगीन होतं. चुलत्यानं चार अक्षदा टाकायच्या तिच्या डोक्यावर. मी आपला दारात मानपान धरून बसलो. त्यात तिचा काय गुन्हा होता?"

"कट!" कॅमेरावाला म्हनला. "आजोबा, इथं तुमचं वाक्य नाही. तुम्ही गप्प बसायचंय."

"मी कुटं वाक्य म्हनून राहिलोय?" भीमा म्हनला.

हरिओमनं कॅमेरावाल्याच्या खांद्यावर हात ठिवला अन् मान हलवली. मी खिशातून फोन काढला, सृष्टीला लावला अन् भीमाच्या हातात दिला. त्यानं कुठलं बटन दाबलं कोन जाने, तिचा आवाज समद्यांना ऐकू आला.

"हॅलो, बाबा?"

"मी..." भीमानं फोन दोन्ही हातानं धरला. "मी चुलता बोलतोय गं."

मला वाटलं, ठिवती आता फोन पोरगी. नऊ वर्सांनी चुलत्याचा फोन, रागावली आसंल, का रडत आसंल. अन् मग तिनं काय इचारावं?

"काका, जेवलाव का?"

भीमानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई बाई, बसतोच आता," तो म्हनला. "तुज्या बापानं आवतन दिलंय."